‘जागा सोडू नकोस!’ या सल्ल्याला उत्तर

लहान मुलांच्या फुटबॉलबद्दलचा एक मेसेज पालकांमध्ये आणि नव्या कोचमध्ये सध्या भरपूर फिरतो आहे. गोषवारा असा: पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाला जागा ठरवून द्या आणि ती सोडू देऊ नका, मोठे खेळाडूही सोडत नाहीत. सगळ्यात वेगवान मुलाला पुढे ठेवा. फॉरवर्डने (पुढे राहून हल्ला करणाऱ्याने) शेवटच्या डिफेंडरजवळ (बचाव करणाऱ्याजवळ) उभं राहावं आणि पास सुटला की पळावं. पास मिळणार नसेल तर उगाच धावून दम घालवू नये. आणि कधी, कुठे पळायचं ही जाण उपजत असते, शिकवून येत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा सल्ला पाळला तर मुलांचा खेळ आखडतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी ‘जागा ठरवून द्या’. सहा-सात वर्षांची मुलं चेंडूभोवती घोळका करतात, हे खरं. सगळ्यांना चेंडू हवा असतो आणि त्यात वावगं काही नाही. कोच बाहेरून ‘पसरा, पसरा’ ओरडतो. दोन आज्ञाधारक मुलं कडेला जाऊन उभी राहतात, त्यांच्याकडे चेंडू येत नाही, आणि फुटबॉल म्हणजे लांब उभं राहून बघायचा खेळ, एवढंच ती शिकतात.

शिवाय ‘जागा’ म्हणजे मैदानावरचा ठरलेला ठिपका नसतोच. उजवा बॅक, म्हणजे उजव्या कडेचा डिफेंडर, घ्या. प्रतिस्पर्ध्यांचा हल्ला त्याच्यापासून लांबच्या कडेने येत असेल, तर त्याने आत सरकून मधल्या बॅकला चिकटायला हवं. चेंडू आपल्याकडे आला की त्यानेच बाहेर, टचलाइनपर्यंत (मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत) जाऊन मैदान रुंद करायला हवं. मुलगा तोच, नाव तेच, पण दोन जागांमध्ये अर्धं मैदान. खडूने काढलेल्या फळ्यावर त्याला कुठे दाखवणार? मुलाला सांगायचं ते हे: चेंडू कुठे आहे, जवळचा आपला कोण, जवळचा त्यांचा कोण, हे बघ आणि त्यावरून सरक.

ओरडण्यापेक्षा खेळाची रचना बदलली की पसरणं आपोआप येतं. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने 2024-25च्या मोसमापासून सगळ्यात लहान गटांसाठी दोनास दोन, तीनास तीन असे सामने आणि चार छोटे गोल ही पद्धत लागू केली. प्रत्येक संघाला हल्ल्यासाठी दोन गोल मिळतात. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, आणि मूल कुणी न सांगता मान वळवून बघतं. इंग्लंडमध्येही वयाप्रमाणे पाचास पाच, सातास सात, नऊ-नऊ आणि त्यानंतर अकरा-अकरा असे टप्पे आहेत.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र बरोबर आहे: हल्ला चालू असताना मागे कुणीतरी हवंच. फक्त ते ‘कुणीतरी’ दरवेळी एकच मूल असण्याची गरज नाही. एक पुढे गेला तर दुसऱ्याने भरून काढावं, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना नीट समजतं.

मोठ्या खेळाडूंचा दाखला तर उलटाच पडतो. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला 6-3 हरवलं. हंगेरीचा 9 नंबरचा, म्हणजे मधला फॉरवर्ड, नांदोर हिदेगकुती पुढे थांबतच नव्हता, मधल्या फळीत मागे येत होता. त्याच्या पाठोपाठ जावं की जागेवर राहावं, हे इंग्लंडच्या मधल्या बॅकला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. हिदेगकुतीने तीन गोल केले. 1974च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा फॉरवर्ड योहान क्रॉयफ मधल्या वर्तुळाजवळ मागे आला, तिथे चेंडू घेतला आणि तिथून थेट पेनल्टी एरियापर्यंत (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनापर्यंत) घुसला. पश्चिम जर्मनीच्या उली होनेसने त्याला पाडलं आणि क्रॉयफचा सहकारी नीस्केन्सने पेनल्टीवर गोल केला, दुसऱ्याच मिनिटाला. तो सामना पुढे नेदरलँड्स 2-1 हरले, पण जागा सोडल्यामुळे नव्हे.

‘सगळ्यात वेगवान मुलगा पुढे’ हे दहा वर्षांखालच्या सामन्यांत हमखास चालतं, आणि म्हणूनच घातक आहे. लांब चेंडू मारा, तो पळेल, गोलकीपर बिचारा गोलच्या मानाने एवढासा. सामने जिंकले जातात. त्या वेगवान मुलांतली बरीच जण मुळात वयोगटाच्या कटऑफ तारखेनंतर लगेच जन्मलेली, म्हणजे त्याच गटातल्या इतरांपेक्षा काही महिन्यांनी मोठी असतात. तेरा-चौदाव्या वर्षी बाकीची मुलं उंची-ताकदीने बरोबरीला आली की ती आघाडी वितळते, आणि हाताशी दुसरं काहीच शिकलेलं नसतं. वेगाविना काय करता येतं, ते बघायचं असेल तर इटलीचा फॉरवर्ड फिलिप्पो इन्झागी. 2007च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानचे दोन्ही गोल त्याचे, वय 33. दुसऱ्या गोलच्या वेळी काका या सहकारी खेळाडूचा पास सुटेपर्यंत तो बॅकच्या ओळीत राहिला आणि बरोबर त्या क्षणी निसटला. जर्मनीचा टोमास म्युलरही ना फार वेगवान, ना ड्रिबलिंगचा बादशहा, तरी 2010च्या विश्वचषकात 5 गोल आणि गोल्डन बूट (सर्वाधिक गोलसाठीचं बक्षीस) त्याच्याकडे.

आता मेसेजातलं सगळ्यात नुकसानकारक वाक्य: शेवटच्या डिफेंडरजवळ उभं राहा, पास सुटला की पळ. उभ्या अवस्थेतून सुरू केलेली शर्यत फॉरवर्डने का लावावी? डिफेंडर त्याला बघतोय, शेजारीच आहे, आणि दोघं एकाच वेळी निघतात. फायदा तेव्हा होतो, जेव्हा पास सुटताना फॉरवर्ड आधीच वेगात असतो आणि डिफेंडर अजून वळतोय.

पण आधीच धावला तर ऑफसाइड होईल की, म्हणजे डिफेंडरच्या ओळीच्या पुढे सापडेल की, असं पालक विचारतात. फुटबॉलच्या नियम 11 प्रमाणे जागा बघतात ती सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणाची. गोलच्या बाजूने मोजता दुसऱ्या (पहिला बहुधा गोलकीपर) प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड नसतो, आणि स्वतःच्या अर्ध्या भागात तर ऑफसाइड नाहीच. मग उपाय दोन. पहिला, सरळ गोलकडे न धावता आधी ओळीला समांतर, वळणाने धावायचं आणि पास सुटताना गोलच्या दिशेला कापायचं. वेग मिळतो, ओळही ओलांडली जात नाही. दुसरा, चेंडूकडे दोन-तीन पावलं मागे यायचं, डिफेंडर सोबत आला की त्याच्या पाठीमागे सुटायचं. यात पहिली हालचाल खरी वाटली पाहिजे. मुलं ती उरकून टाकतात, मग कुणी फसत नाही.

निघायचं कधी, याची खूणही शिकवता येते. पास देणाऱ्याने चेंडू पायापासून किंचित पुढे ढकलला आणि मान वर केली, की निघ. त्याची मान खाली असेल, अंगावर कुणी असेल, तर धाव फुकट जाणार. आणि उभं कुठे राहायचं? डिफेंडरच्या खांद्यामागे, जिथे त्याला तू आणि चेंडू एकाच नजरेत दिसणार नाहीत तिथे. त्याला सारखी मान वळवावी लागली की अर्धं काम झालं.

‘पास मिळणार नसेल तर धावू नको’ हे लिहिणाऱ्याने बहुधा फक्त चेंडूच्या मागे कॅमेरा असलेले सामने पाहिले असावेत. कडेने विंगर (कडेचा फॉरवर्ड) पेनल्टी एरियात घुसला आहे असं समजा. एक जण जवळच्या पोस्टकडे जोरात धावतो आणि एक-दोन बॅक सोबत ओढून नेतो. दुसरा दूरच्या पोस्टकडे जातो. तिसरा पेनल्टी स्पॉटच्या आसपास वेग कमी करतो, कारण गोलरेषेजवळून मागे दिलेला पास तिथेच येतो. गोल एकाचा, पण पहिल्याची धाव नसती तर त्याला जागाच मिळाली नसती. तिघंही जवळच्या पोस्टकडे धावले तर मात्र एकच बॅक तिघांना पुरतो. सरावात मी गोल करणाऱ्याआधी बॅकला ओढून नेणाऱ्याचं नाव मोठ्याने घेतो. मुलांना ते लगेच कळतं.

राहिलं ‘हे उपजत असतं’. काहींना लवकर जमतं, इतकंच. साधारण 30 बाय 20 मीटरचं मैदान आखा, दोन्ही टोकांना पाच मीटरची पट्टी. चारास चार, संघ ओळखायला बिब (रंगीत बनियन) घालून. गोल नाहीतच. पट्टीत पास घेतला की एक गुण. अट एकच: पास सुटायच्या आधी कुणीही पट्टीत पाऊल ठेवायचं नाही, हल्ला करणाऱ्याने नाही आणि डिफेंडरनेही नाही. सुरुवातीला मुलं रेषेवर जाऊन उभी राहतात आणि चेंडू मागतात. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात येतं की उभं राहून काही मिळत नाही. कुणीतरी मागून धावत येऊन पहिला गुण घेतो आणि बाकीचे त्याची नक्कल करू लागतात. तोपर्यंत कोचने बाहेरून ‘आता पळ’ असं ओरडायचं नाही. खेळ थांबला की विचारायचं, ‘निघताना कुणाकडे बघत होतास?’ उत्तर ‘चेंडूकडे’ असं आलं, तर पुढच्या फेरीत त्याला पास देणाऱ्याच्या डोक्याकडे बघायला सांगायचं आणि खेळ पुन्हा चालू करायचा.