हे अमूर्त कुणासाठी?

गंज, शेवाळ, पोपडे आलेला रंग यांचे फोटो टाकतो म्हणून मला भंगारवाला म्हणणाऱ्या मित्रांनो, आज थोडं तुमच्या बाजूने.

जुलैत कोकणात हर्णै बंदरावर होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून शाकारलेल्या. एका लाकडी होडीपाशी तासभर बसलो. वरच्या निळ्या रंगाचा पोपडा सुटून वळलेला, त्याखाली पोपटी, त्याखाली शेंदरी अस्तर, आणि एका खिळ्यापासून खाली ओघळलेला तांबूस गंज. स्क्रीनवर वाटावं, विमानातून खाडीचं मुख बघतोय. भलताच खूश झालो.

वस्तू ओळखूच येऊ नये, नुसते रंग आणि आकार दिसावेत, अशा या अमूर्त फोटोंच्या वाटेवरचं मोठं नाव म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर ॲरन सिस्किंड (१९०३–१९९१). १९४० च्या दशकात तो सोललेला रंग, फाटकी पोस्टरं अगदी जवळून टिपू लागला. क्षितिज नाही, माणूस नाही, वस्तू केवढी तेही कळू द्यायचं नाही. आम्ही अजून तेच करतो. 'हे नक्की काय आहे?' अशी कमेंट आली की कॉलर ताठ!

शेजारी एक काका जाळं सांधत बसले होते. त्यांना फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि म्हणाले, "ही आमचीच की. पोपटी होती तवा भावाकडं होती."

झालं. माझी खाडी आटली.

मुरुडजवळ पद्मदुर्ग किल्ल्यावरही मी असाच नुसते आकार बघत बसलो होतो. तिथे तटाचे दगड पोखरून खोलगट झालेत आणि सांध्यांतला चुना मात्र कडांसारखा वर उभा आहे. मी 'टेक्स्चर, टेक्स्चर' करत चाळीस फ्रेम काढल्या. दगडात मुरलेलं खारं पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण न् कण सुटा करतात, हे घरी येऊन वाचलं. त्यानंतर तो फोटो मला दुप्पट आवडायला लागला. म्हणून आता 'अनामिक क्र. ७' छाप शीर्षकं बंद. जागा, वस्तू, झीज कशाने झाली, सगळं लिहिणार. गूढता जाते म्हणता? जाऊ दे.

तर हर्णैला काकांनी मोबाईल परत दिला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करत त्या गंजाच्या ओघळापाशी थांबले.

"खिळा सडलाय. फळीपण गेली वाटतं हितली. हा मला व्हॉट्सॲपवर टाका ओ, सुताराला दाखवतो."