श्री सापडला नाही

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात सतरा ठिकाणांहून सुटे भाग येतात आणि रोज सकाळी सतरा मेल येतात. प्रत्येकाला एक एक्सेलची फाइल जोडलेली असते. काल किती नग निघाले, किती राहिले, गाडी नंबर काय. गेली नऊ वर्षं मी त्या सतरा फायली उघडून एका मोठ्या तक्त्यात चिकटवतोय. कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट, मध्ये एक चहा. पाऊण तास जातो. त्या पाऊण तासाबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. तक्रार भाच्याची होती.

भाचा हिंजवडीला असतो. पुण्यात घरटी एक जण हिंजवडीला असतोच. एका रविवारी तो जेवायला आला, शनिवारच्या राहिलेल्या फायली घेऊन बसलेला मी त्याला दिसलो आणि मटकीच्या उसळीचा घास तोंडात असतानाच तो म्हणाला, "मामा, हे हातानं करतोस? ॲप्स स्क्रिप्ट लिही. एका संध्याकाळचं काम आहे."

"एका संध्याकाळचं काम" म्हणजे आयटीवाल्यांचं "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ॲप्स स्क्रिप्ट ही गूगल शीटच्या पाठीमागे दडलेली वही आहे. तिच्यात जावास्क्रिप्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत हुकूम लिहायचे: जीमेलमधून आजचे मेल शोध, जोडलेली फाइल काढ, ती गूगल शीटमध्ये बदलून घे (एक्सेलची फाइल तिला थेट वाचता येत नाही, आधी सोवळं नेसवावं लागतं), आकडे उचल आणि मोठ्या तक्त्याच्या तळाशी मांड. हे सगळं चालतं गूगलच्या यंत्रांवर. आपला लॅपटॉप बंद असला, आपण झोपलेलो असलो तरी चालतं. वेळ ठरवून दिली की ते "सकाळी सहा ते सातच्या दरम्यान" आपोआप होतं. नेमकं किती वाजता ते गूगल सांगत नाही, आमच्या गॅस सिलिंडरवाल्यासारखं.

भाच्यानं जेवणानंतर अर्धी स्क्रिप्ट लिहून दिली, ताक प्यायलं आणि गेला. उरलेली अर्धी मी लिहिली. पहिल्यांदा चालवल्यावर समोर इशारा आला: हे ॲप गूगलनं तपासलेलं नाही, ते बनवणाऱ्याला तुम्ही ओळखत असाल आणि त्याच्यावर तुमचा विश्वास असेल तरच पुढे जा. खाली बनवणाऱ्याचा ईमेल दिला होता. माझाच. मी बराच वेळ विचार केला. या माणसाला मी बावन्न वर्षं ओळखतो आणि मला खात्री देता येईना. शेवटी "असुरक्षित" असं स्पष्ट लिहिलेल्या दुव्यावर बोट ठेवून देवाचं नाव घेतलं.

स्क्रिप्ट धावली आणि अकराव्या फाइलला मेली. एका वेळी तिला सहाच मिनिटं मिळतात, मग गूगल तिला जागच्या जागी बसवतं. सहा मिनिटांत नळ स्टॉपचा चौक ओलांडला जात नाही, सतरा फायली कुठून होणार? मग कुठवर आलो ते टिपून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला तिथून उचलायचं, असं शिकवलं. म्हणजे नऊ वर्षं मी चहाला उठताना जे करत होतो तेच.

पण यंत्राचं एक बरं असतं, एकदा सांगितलं की ऐकतं. खरा गोंधळ फायलींमध्ये होता.

तारखा घ्या. तक्ता अमेरिकन पद्धतीवर राहिला होता. म्हणजे ०७/०६ लिहिलं की आपल्या लेखी ७ जून, त्याच्या लेखी ६ जुलै. जूनचे पहिले बारा दिवस आमचा माल जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतच्या कुठल्याही महिन्यात निघत होता आणि साहेब विचारत होते, "म्हणजे हा अजून निघालाच नाही का?" १३ तारीख उजाडली आणि तेरावा महिना कुठे सापडेना, म्हणून तक्त्यानं तारखेला तारीख मानणंच सोडलं. बारा दिवस सुतक पाळून तेराव्याला सगळं शांत. साहेबांना मी सांगितलं की मोठमोठे शास्त्रज्ञही इथे हरलेत. सेप्ट-१ आणि मार्च-१ या जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजायचं, म्हणून २०२० साली जनुकांचीच नावं बदलली, सेप्ट-१ चं सेप्टिन-१ केलं. एक्सेलला समजावण्यापेक्षा माणसाच्या जनुकाचं दुसरं बारसं सोपं गेलं. साहेब म्हणाले, "आपल्याकडे लोखंडी ब्रॅकेट असतात. जनुकं नसतात."

मग नगांचा रकाना. तिथे आकडा असावा अशी माझी भाबडी समजूत. चाकणहून यायचं "१२०+३० कालचे". पिरंगुटहून "वरीलप्रमाणे". एकदा तर "२०० (टेम्पो बंद पडला)", म्हणजे दोनशे निघाले की दोनशे अडकले, हे जावास्क्रिप्ट सोडा, मलाही फोन केल्याशिवाय कळलं नाही. एका ठिकाणी न गेलेला माल पिवळ्या रंगानं दाखवत. रंगही स्क्रिप्टला वाचता येतो. मी मोठ्या हौसेनं पिवळा शिकवला. दुसऱ्या दिवशी फिकट पिवळा आला. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "तो का? तो छान दिसतो म्हणून." आणि एका दादांनी कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, तो एक्सेलमध्ये चिकटवला आणि ती एक्सेल पाठवली. वर विचारलं, "आली ना फाइल?"

शेवटी मी सतराही जणांना विनंतीपत्र पाठवलं. हात सदाशिव पेठेतला असल्यामुळे त्याची पाटी झाली: "एका घरात एकच आकडा लिहावा. मनातले विचार लिहू नयेत. रंगकाम करू नये. सजावटीच्या ओळी काढाव्यात." चौघांनी "नोटेड" कळवलं. एकानं उत्तरादाखल कालची फाइल पुन्हा पाठवली. बाकीच्यांनी पुण्यातली पाटी जशी वाचतात तशी वाचली.

शिरवळच्या काकांचं मात्र वेगळं सांगायला हवं. काका नवीन मेल लिहीत नाहीत. मी कधीतरी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, त्या मेललाच ते रोज उत्तर देतात आणि त्यात फाइल जोडतात. जीमेल असे मेल एका गुच्छात बांधतं, आणि स्क्रिप्टनं आजचा मेल मागितला की हातात अख्खा गुच्छ येतो. एके सकाळी तिनं काकांचे मागचे एकोणनव्वद मेल पहिल्यापासून वाचून काढले. रोजचे साधारण अडीचशे ब्रॅकेट, ते एका दिवसात बावीस हजारांच्या वर गेले. साहेबांनी तक्ता पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "शिरवळला एवढं लोखंड आहे?"

गुच्छातला फक्त शेवटचा मेल घ्यायला शिकवलं. तरी काकांची फाइल काही हाती लागेना. मथळे कधी तिसऱ्या ओळीत, कधी पाचव्या, वर मोकळ्या ओळी मनाला येतील तितक्या. भाचा फोनवर म्हणाला, "त्यांच्या फाइलमध्ये कधीच बदलत नाही असं काहीतरी शोध." शोधायची गरज नव्हती. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता: सगळ्यात वर, मधोमध, ॥ श्री ॥. त्याखाली तारीख, त्याखाली मथळे. मी लिहिलं, श्री शोध, दोन ओळी खाली उतर, तिथून वाच. आणि नाही मिळाला तर मला कळव.

त्या दिवसापासून सतरा फायलींत शिरवळची सगळ्यात बिनचूक. तीन आठवडे मी तक्त्याकडे पाहिलंही नाही. पाऊण तास रिकामा होता, त्यात चहाचे दोन कप बसत.

मग एका मंगळवारी सकाळी गूगलचा मेल आला, स्क्रिप्ट बंद पडल्याचा. कारण म्हणून माझंच वाक्य मला परत पाठवलं होतं: श्री सापडला नाही.

काकांना फोन लावला.

"अहो, तुमचं ते पत्र नातीनं वाचलं," काका खुशीत होते. "म्हणाली, आजोबा, वरचं सगळं काढा, त्यांच्या कॉम्प्युटरला त्रास होतो. काढून टाकलं बघा. मन झालं नाही, पण तुमच्यासाठी काढलं."

"काका, परत घाला."

"काय?"

"श्री."

पलीकडे लेथचा आवाज येत राहिला.

"कॉम्प्युटरला लागतो?"

"लागतो."

"असं म्हणा की," काका म्हणाले, आणि त्या आवाजात नऊ वर्षांत न ऐकलेला आदर होता.

दुसऱ्या दिवशी सहा ते सातच्या दरम्यान पुन्हा मेल. मी फाइल उघडली. पहिल्या ओळीत लाल, ठसठशीत ॥ श्री ॥. दुसऱ्या ओळीत, माझ्या कॉम्प्युटरची भक्ती बघून खास नवी, ॥ श्री लक्ष्मी प्रसन्न ॥. श्रीपासून दोन ओळी खाली आता तारीख बसली होती.

मी स्क्रिप्ट उघडली आणि दोनाचे तीन केले.