स्वस्त ब्रॉयलर, महाग डबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बोनलेस पदार्थांपुरते पाहिले तर सुपरमार्केटातले साधे ब्रॉयलर चिकन आणि त्याहून बरेच महाग ‘प्रीमियम’ चिकन यांच्या चवीत फरक पडत नाही, असे मी लिहिले होते. स्वस्त कोंबडी हार्मोनची इंजेक्शने देऊन फुगवलेली असते, त्यामुळे तिची भलामण करणे बेजबाबदारपणाचे आहे, असा आपला आक्षेप आहे.

ब्रॉयलर पक्षी 35 ते 42 दिवसांत दोन किलोच्या आसपास किंवा पुढे जातो, हे ऐकून शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामागे अनेक दशकांची निवडक पैदास आणि मका-सोयाबीनचे मोजूनमापून दिलेले खाद्य आहे. वाढीचे हार्मोन हे प्रथिन असल्यामुळे खाद्यातून दिले तर पचून जाते, म्हणजे ते टोचावेच लागेल, आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून पुन्हा पुन्हा सुई टोचण्याचा खर्च ब्रॉयलरच्या भावात कोणाही पोल्ट्रीवाल्याला परवडणारा नाही. म्हणून ‘हार्मोनमुक्त’ या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये, या मतावर मी ठाम आहे.

अँटिबायोटिकचे तसे नाही. ती काळजी खरी आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2014 मध्ये दिल्ली परिसरातील चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी 40 टक्क्यांत अँटिबायोटिकचे अवशेष सापडले होते. पुढे 2019 मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा पशुखाद्यातील आणि कुक्कुटपालनातील वापर बंद केला. नीट शिजवल्याने जिवाणू मरतात, पण असे सगळेच अवशेष नाहीसे होतात असे नाही. तेव्हा या कारणासाठी जास्त पैसे देणे मला पटते, मात्र डब्यावरचा मजकूर वाचून. ‘अवशेषमुक्त’ म्हणजे औषध दिले असेल, पण कापण्याआधी पुरेसे दिवस थांबवले. ‘अँटिबायोटिकविना वाढवलेले’ म्हणजे ते दिलेच नाही. किंमत दोन्हींची चढी असते, दावा मात्र एक नसतो.

चवीबद्दल माझे म्हणणे बदललेले नाही. महागड्या डब्यातला पक्षीही बहुधा त्याच जातीचा आणि त्याच वयाचा ब्रॉयलर असतो, आणि दही, आले-लसूण, तिखट लावून टिक्का भाजल्यावर दोन्ही ओळखून दाखवणे कठीण आहे. चव बदलते ती पक्ष्याच्या वयाने आणि हिंडण्या-फिरण्याने. काही महिने मोकळी फिरलेली गावरान कोंबडी चिवट असते, शिजायला वेळ घेते, पण तिच्या हाडांचा आणि सांध्यांचा जो अर्क रश्श्यात उतरतो तो ब्रॉयलरकडून मिळणे नाही. तेथे मीही खुशाल जास्त पैसे देतो. (बाजारात ‘गावरान’ म्हणून गिरीराज किंवा वनराज या सुधारित संकरित जातींचे पक्षी गळ्यात मारले जातात, हे गृहीत धरूनच.) प्रथिनांसाठी मात्र किमतीकडे पाहण्याचे कारण नाही, कारण कातडीविना छातीच्या 100 ग्रॅम मांसात ती दोन्हीकडे 20 ग्रॅमच्या वरच असतात.

आपण घेता त्या डब्यावर वरीलपैकी नेमका कोणता दावा छापला आहे, तेवढे कळवावे. पुढची चर्चा त्यावर करता येईल.