ड्रोन ‘फक्त खेळणं’ आहे, या दाव्याला उत्तर

हौशी ड्रोनचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो मोठ्या उत्साहाने पुढे पाठवलाही जातो. त्याचा गाभा असा: हौशी ड्रोन म्हणजे प्लास्टिकचं खेळणं. त्याने आजवर एकही प्रवासी विमान पाडलेलं नाही. पक्षी रोज विमानांना धडकतात आणि विमानं सुखरूप उतरतात, मग या चिमुकल्या यंत्राचा एवढा बाऊ कशाला? शिवाय आतलं सॉफ्टवेअर चूक होऊच देत नाही. पूर्वी लोक रिमोटची विमानं उडवायचे तेव्हा कुणी नोंदणी मागितली नव्हती. आणि ज्याला वाईटच वागायचं आहे तो नियम पाळणार नाहीच, म्हणजे त्रास फक्त प्रामाणिक माणसाला.

मी स्वतः हौसेने ड्रोन उडवतो आणि हा छंद टिकावा असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे सगळं वाचून गप्प बसवत नाही.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. हौशी ड्रोनच्या धडकेने प्रवासी विमान कोसळल्याची नोंद नाही. ‘ड्रोन दिसला’ अशा वैमानिकांच्या सगळ्याच तक्रारी सिद्ध होत नाहीत, हेही खरं. एप्रिल २०१६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला ड्रोन धडकल्याची बातमी जगभर गाजली. पुढे ती प्लास्टिकची पिशवीही असू शकेल, असं तिथल्या मंत्र्यांनीच सांगितलं. त्यामुळे प्रत्येक भीतिदायक बातमी पुरावा म्हणून नाचवायची नाही, एवढं पथ्य मी इथे पाळतो.

पण ज्या धडका तपासातून सिद्ध झाल्या, त्यांचं काय? २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एक हौशी ड्रोन धडकला. हेलिकॉप्टर जेमतेम ३०० फुटांवरून जात होतं. मुख्य पंख्याच्या पात्याला पोचा पडला आणि ड्रोनचा एक तुकडा हेलिकॉप्टरमध्येच अडकून राहिला. त्या तुकड्यावरच्या क्रमांकावरून तपास करणारे चालकापर्यंत पोहोचले. तो माणूस धडकेच्या जागेपासून सुमारे ४ किलोमीटर दूर होता. त्या भागात उड्डाणांवर तात्पुरते निर्बंध होते, ते त्याला माहीत नव्हते. उडवायला हरकत आहे का हे ॲप सांगेल, असं तो धरून चालला होता. आपला ड्रोन हेलिकॉप्टरला धडकला हेसुद्धा त्याला तपास अधिकाऱ्यांकडून कळलं. हा माणूस दुष्ट नव्हता. ‘खेळणंच तर आहे’ असं मानणारा, तुमच्याआमच्यासारखा हौशी होता, आणि मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हेच वाटतं.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला कॅनडात क्यूबेक विमानतळाकडे येणाऱ्या छोट्या प्रवासी विमानाला ड्रोन धडकला. विमानात आठजण होते. विमान सुखरूप उतरलं, नुकसान किरकोळ होतं. धडक सुमारे २,५०० फुटांवर झाली, म्हणजे हौशी ड्रोनने जिथे असायलाच नको अशा उंचीवर. हा ड्रोन कुणाचा होता ते कधीच कळलं नाही.

‘एकही विमान पडलं नाही’ या वाक्यात आणखी एक गफलत आहे. त्यात डोळ्यांसमोर असतं ते मोठं जेट विमान. पण जेट विमान हौशी ड्रोनच्या उंचीवर येतं ते फक्त विमानतळाजवळ. खाली, १०० ते १५० मीटरच्या पट्ट्यात, वेगळीच मंडळी उडत असतात: रुग्णाला न्यायला आलेलं हेलिकॉप्टर, पुरात दोर सोडणारं बचाव पथक, वीजवाहिन्यांची पाहणी करणारे, शेतावर फवारणी करणारी विमानं, पॅराग्लायडर. आणि आगीवर पाणी टाकणारी विमानं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा पेटलेला असताना कॅनडाहून मदतीला आलेल्या ‘सुपर स्कूपर’ विमानाच्या डाव्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडलं. आग भडकलेली आणि पाणी टाकणारं विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर. चालकाने एका पार्किंग इमारतीच्या गच्चीवरून, आग कशी दिसते ते पाहायला ड्रोन सोडला होता. तो अडीच किलोमीटरच्या पुढे गेला आणि नजरेआड झाला. चालकाने पुढे गुन्हा कबूल केला. अमेरिकेत वणव्याच्या काळात अग्निशमन यंत्रणा लोकांना बजावतात, ‘तुम्ही उडवाल, तर आम्हाला उडता येणार नाही.’ ड्रोन दिसला की धडकेची वाट न पाहता विमानं माघारी बोलवावी लागतात. म्हणजे नुकसान व्हायला धडक व्हावीच लागते असं नाही, नुसता वावर पुरतो.

आता पक्ष्यांचा मुद्दा. हा सगळ्यात पटणारा वाटतो आणि सगळ्यात चुकीचाही आहे. पक्ष्याचं शरीर मऊ असतं. मोठ्या वेगाने आदळलं की ते फुटून पसरतं. ड्रोनमधल्या मोटरी धातूच्या आणि भरीव, कॅमेरा टणक, बॅटरी म्हणजे दाबून भरलेला ठोकळा. या गोष्टी पसरत नाहीत, घुसतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने सुमारे ९५० ग्रॅमचा ड्रोन ताशी ३८० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने एका छोट्या विमानाच्या पंखावर डागला. ड्रोन पंखाच्या कडेला आरपार जाऊन आतल्या मुख्य आधारापर्यंत पोहोचला. तितक्याच वजनाच्या कृत्रिम पक्ष्याने वरून जास्त पत्रा फाटला, पण तो इतका आत गेला नाही. वेग अवास्तव धरला, असा आक्षेप ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने घेतला आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी काही विद्यापीठांनी संगणकावर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता: तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन जास्त इजा करतो.

वेगाचं गणितही लक्षात घ्यायला हवं. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. २५० ग्रॅमचा ड्रोन ताशी ५० किलोमीटरने आला तर त्याची ऊर्जा २४ ज्यूल. समोरून ताशी २५० किलोमीटरने हेलिकॉप्टर येत असेल तर दोघांचा मिळून वेग ३०० होतो आणि तीच ऊर्जा ८६० ज्यूलच्या पुढे जाते. वजन तेच, यंत्र तेच, फटका ३६ पट. वजन पाहून निर्धास्त होणारा माणूस समोरच्याचा वेग विसरतो. मोठ्या प्रवासी विमानाची समोरची काच १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसेल अशी बनवावी लागते. लहान विमानांना आणि बऱ्याच हलक्या हेलिकॉप्टरना अशी सक्ती पूर्वापार नव्हती, आणि खालच्या उंचीवर नेमकी तीच जास्त असतात.

जमिनीवरच्या लोकांबद्दल थोडक्यात, कारण इथे वाद घालण्यासारखं फारसं नाही. २०१५ मध्ये सिएटलमध्ये मिरवणुकीवर उडणारा सुमारे ९०० ग्रॅमचा ड्रोन इमारतीला आपटून गर्दीत पडला आणि एक महिला बेशुद्ध झाली. चालकाला नंतर ३० दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दीड वर्षाच्या मुलाचा एक डोळा ड्रोनच्या पात्याने गेला. चालवणारा घरच्यांच्या ओळखीचा होता; ड्रोन झाडाला घासला आणि वळला, एवढंच निमित्त. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्याला समोर काय आहे ते कळत नाही. पात्यांभोवती कडं बसवलं तर इजा बरीच टळते. ते बसवायला कायद्याची वाट कशाला पाहायची, असं मला वाटतं.

सॉफ्टवेअर सगळं सांभाळतं, या समजुतीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण नवे लोक याच भरवशावर उडवतात. संपर्क तुटला की ड्रोन आपोआप परत येतो, हे खरं. पण कुठे परत येतो? उडताना त्याने ‘घर’ म्हणून जी जागा नोंदवली तिथे. उपग्रहांचा संकेत नीट मिळण्याआधीच घाईने उडवलात तर ती नोंद चुकीची असू शकते. होडीतून उडवलात आणि होडी पुढे सरकली, तर ड्रोन प्रामाणिकपणे पाण्यात उतरेल. परतीची उंची ४० मीटर ठेवली आणि वाटेत ५० मीटरची इमारत असली, तर सेन्सरवर भिस्त. आणि सेन्सरना विजेच्या तारा, बारीक फांद्या, काच, संधिप्रकाश या गोष्टी अवघड जातात. कित्येक स्वस्त ड्रोनना बाजूने आणि मागून काही दिसतच नाही. वर वारा जास्त असतो. जाताना वारा पाठीशी होता म्हणून झरझर गेलेला ड्रोन येताना त्याच वाऱ्याशी झुंजतो आणि बॅटरी अर्ध्या वाटेत संपते.

उंचीचा आकडासुद्धा फसवतो. पडद्यावर दिसणारी उंची बहुतेक ड्रोनमध्ये उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. २०० मीटर उंच डोंगराच्या कड्यावरून दरीत ड्रोन सोडला तर पडदा ५० मीटर दाखवत असतानाही तो दरीच्या तळापासून २५० मीटरवर असेल. दरीतून हेलिकॉप्टर जात असेल तर त्याला तुमच्या पडद्यावरच्या आकड्याशी काही देणंघेणं नाही.

मनाई असलेल्या जागी ड्रोन उडणारच नाही, हा समजही आता मोडीत निघाला आहे. डीजेआय ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी कंपनी. विमानतळासारख्या जागांभोवती तिचे ड्रोन पूर्वी आपोआप अडत. अमेरिकेत कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये, पॅलिसेड्सच्या धडकेनंतर काही दिवसांतच, ही अडवणूक काढून तिथे इशारा ठेवला. युरोपमध्ये तर ती आधीच निघाली होती. यंत्र आता फक्त सांगतं. थांबायचं की नाही ते चालकाने ठरवायचं.

म्हणूनच ड्रोन नजरेसमोर ठेवा, हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि सर्रास मोडला जातो तोही हाच. कॅमेरा फक्त समोरचं दाखवतो. बाजूने, वरून, मागून काय येतंय हे पडद्याला ठाऊक नसतं. उघड्या आकाशाखाली उभा असलेला माणूस मात्र हेलिकॉप्टर दिसायच्या आधी त्याचा आवाज ऐकतो. आवाज आला की आधी ड्रोन खाली, मग बाकीचं. पडद्यात डोकं घालून तीन किलोमीटर पलीकडचं चित्रण करणाऱ्याला ही संधीच मिळत नाही. पक्ष्यांच्या वसाहतींजवळही हेच. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यात एक ड्रोन कुररींच्या वसाहतीत कोसळला आणि हजारो पक्षी घाबरून घरटी सोडून गेले. दीड हजारांच्या आसपास अंडी तशीच पडून राहिली.

‘पूर्वी रिमोटची विमानं बिनबोभाट उडत होती’ असं म्हणणाऱ्यांना त्या छंदाचा इतिहास माहीत नसावा. अमेरिकेतली मॉडेल विमानवाल्यांची संघटना १९३६ पासूनची आहे. क्लब होते, ठरलेली मैदानं होती, शिकवणारे जुने लोक होते, विमा होता. ४०० फुटांची मर्यादा तिथल्या प्रशासनाने १९८१ मध्येच सुचवली होती. आणि मुख्य म्हणजे ती विमानं उडवायला शिकावं लागायचं. हात चुकला की दहा सेकंदांत विमान मातीत, म्हणून माणूस आपोआप मैदानावर, जाणत्यांच्या सोबत राहायचा. आजचा ड्रोन रिमोटवरच्या काठ्या सोडल्या तरी हवेत स्थिर राहतो आणि पहिल्याच दिवशी नजरेच्या पल्याड जाऊ शकतो. कौशल्याची जी चाळणी आपोआप लागत होती ती गेली. तिची जागा छोट्या परीक्षेने आणि नोंदणीने घेतली, तर त्यात अन्याय कसला?

राहिला शेवटचा मुद्दा: नियमांचा जाच फक्त प्रामाणिकांना. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचं गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या बातम्यांमुळे वारंवार बंद ठेवावं लागलं. सुमारे १,००० उड्डाणं आणि १,४०,००० प्रवासी अडकले. दोषी कधीच सापडला नाही. पोलिसांनी जवळच राहणाऱ्या एका जोडप्याला पकडलं, त्यांची नावं जगभर छापून आली, आणि मग त्यांचा काही संबंध नाही म्हणून सोडून दिलं. आकाशात कोण उडवतंय हे कळायची सोय नसली की संशय प्रत्येक हौशी माणसावर येतो. ब्लॅक हॉकच्या प्रकरणात क्रमांक सापडला म्हणून एकाच चालकाला जाब विचारला गेला.

नियम सगळे शहाणपणाचेच असतात असा माझा आग्रह नाही. काही ठिकाणचे नकाशे आणि परवानग्या इतक्या किचकट आहेत की सरळ माणूसही कंटाळतो, आणि त्याविरुद्ध आवाज उठवायलाच हवा. पण मूळ चौकट जड नाही. अमेरिका, युरोपीय संघ, भारत या सगळ्यांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनना या ना त्या स्वरूपात सवलत दिली आहे. विमानतळापासून दूर, गर्दीपासून दूर, साधारण १२० मीटरच्या खाली, नजरेसमोर. बहुतेक देशांत गाभा एवढाच. आणि सवलती मिळतातही. अमेरिकेत ड्रोनने स्वतःची ओळख प्रसारित करण्याची सक्ती आली, तेव्हा मान्यताप्राप्त छंद संघटनांच्या ठरलेल्या मैदानांना त्यातून सूट देण्यात आली. ‘हे खेळणं आहे, आम्हाला सोडा’ असं म्हणून ती मिळाली नाही. त्या मंडळींकडे दाखवायला स्वतःची नियमावली आणि अनेक दशकांची शिस्त होती.