एव्हर्टन नशिबानं नाही वाचलं

लेखात म्हटलंय की २०२२-२३ मध्ये एव्हर्टन हा फुटबॉल क्लब इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नशिबानं टिकला, खालच्या लीगमध्ये घसरला नाही. पटलं नाही, भाऊ. ३८ सामन्यांत फक्त ३४ गोल करणारा संघ वाचतो तो बचावाच्या जिवावर. रिचार्लिसनला टॉटनहॅमला विकलं, पण त्याच्या जागी गोल करणारा आणला का? मग प्रशिक्षक लॅम्पार्डला जानेवारीत काढून काय होणार होतं! त्याच्या जागच्या शॉन डाइशनं आल्या आल्या पहिल्याच सामन्यात आर्सेनलला १-० हरवलं, मे महिन्यात ब्रायटनच्या घरी जाऊन ५-१. याला नशीब काहून म्हणता?

२८ मेचा शेवटचा सामना आमच्याकडे रात्री नऊला, ऐन नवतप्यात. कूलर गरम हवा फेकत होता अन् एव्हर्टनच्या घरच्या गुडिसन मैदानावर बोर्नमथविरुद्ध गोल काही होईना. ५७व्या मिनिटाला एव्हर्टनच्या दूकुरेनं लांबून हाणला तेव्हा आमच्या मोमिनपुऱ्याच्या मित्राचा फोन आलाच. तो लेस्टर क्लबवाला. २०१६ चा चॅम्पियन संघ ३४ गुणांवर खालच्या लीगमध्ये गेला, एव्हर्टन ३६ वर राहिलं. बिचारा पुढं आठवडाभर बोलला नाही.

खरा दोष क्लबच्या वर बसलेल्यांचा, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. खर्चाचे नियम मोडले म्हणून पुढच्या हंगामात एकूण ८ गुण कापले गेले, तरी डाइशनं संघ १५वा आणला. आपल्या आयएसएलला (इंडियन सुपर लीग) पहिली दहा वर्षं खालच्या लीगमध्ये घसरणीची भीतीच नव्हती, त्यामुळे तळाच्या सामन्यांत असा जीव कधी दिसला नाही.