कालव्यातलं आरमार

नाव जायकवाडी, धरण पैठणला. मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळचा होता. पुढं जागा सरकली, नाव तेवढं मागं राहिलं. नवरदेव बदलला तरी छापलेल्या पत्रिका कशाला वाया घालवायच्या, असा हिशेब. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन. इथून उजवा कालवा १३२ किलोमीटर जातो आणि डावा २०८. हा लेख डाव्याच्या कडेनं दुचाकीवर जाणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांना घरी कुणी अडवलं नाही, त्यांच्यासाठी.

पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्यांच्यातल्या यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. आज त्याच पैठणच्या पाण्यावर जे तरंगतं त्याची नाणी पाडायची झाली, तर टाकसाळीला आधी थर्माकोल मागवावा लागेल.

कालवा बघायचा तर आवर्तन, म्हणजे धरणातून शेतीसाठी पाण्याची पाळी, सुटल्यावरच. कोरड्यात रस्ता चांगला असतो, पण बघायला काटेरी बाभळी, बेशरमाची झुडपं आणि बकऱ्या. पाणी असलं की बगळे, खंड्या, डुंबणाऱ्या म्हशी सगळं दिसतं, फक्त रस्ता दिसत नाही. भरावातून पाझर येतो, काळी माती भिजते आणि चाक व मडगार्डच्या मधे ठासून बसते. दहा-वीस फुटांत पुढचं चाक जाम. तुराटीनं खरवडू नये, ती मोडते आणि अर्धी आतच राहते. खुरपं ठेवावं. त्याहून शहाणा तो, जो पुढचं मडगार्ड घरीच काढून येतो आणि चिखल तोंडावर झेलतो.

गतिरोधक म्हणून शेतकऱ्यांचे पाईप असतातच. कालव्यातून निघून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या शेतात उतरलेले. मोटर नाही, वीज नाही. पाईप पाण्यानं भरायचा, दोन्ही तोंडं दाबून धरायची, एक तोंड कालव्यात बुडवायचं, दुसरं शेतात सोडायचं आणि मग दोन्ही एकदम उघडायची. शेतातलं तोंड कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली पाहिजे, एवढीच अट. परवानगी ही दुसरी अट, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जोडातून हवा शिरली की धार तुटते, म्हणून जोडावर सायकलची ट्यूब आवळलेली असते. आपण त्यावर गाडी घातली की जोड हलतो आणि उसातून एक आवाज येतो. तो आवाज ऐकून थांबू नये.

आता आरमार. सर्वात जास्त दिसतो थर्माकोलचा तराफा. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड ताव साधारण २४-२५ किलो वजन पेलतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला तीन ताव लागतात, तेही जेमतेम पाण्याबरोबरीनं. कोरडं बसायचं असेल तर पाच. ताव नुसते दोरीनं बांधले तर दोरी थर्माकोल करवतीसारखा कापते, म्हणून आधी खताच्या पोत्यात घालून शिवायचे, मग बांधायचे. अशा तराफ्यावरून पेट्रोलचा डबा मात्र नेऊ नये. पेट्रोल सांडलं की थर्माकोल विरघळतो, आणि ही गोष्ट बहुधा पाण्याच्या मधोमधच कळते.

मानाची नौका म्हणजे गुळाची जुनी काहील, रस उकळायची मोठी कढई. बूड गोल, त्यामुळे एका बाजूनं वल्हं मारलं की ती पुढं न जाता गिरकी घेते. बसणारा स्वतःभोवती फिरून सगळा मुलूख बघतो, आहे तिथंच. यावर उपाय आहे: पुढच्या काठाशी बसून पाणी स्वतःकडं ओढायचं. बैल गाडीच्या पुढं जुंपतात, तसं वल्हं काहिलीच्या पुढं. उभं राहायचं नाही, नमस्कार करायलाही नाही.

पाठीला तेलाचा डबा बांधून पोहायला शिकणारी पोरं ही या आरमाराची पायदळ तुकडी. डबा हवाबंद नसला तर शिक्षण लवकर संपतं.

एका ठिकाणी मात्र हसायचं नाही: कालव्याचं पाणी अडवणारं गेट. पाणी त्याच्या खालून जातं, म्हणून वर संथ दिसतं आणि तळाशी ओढतं. त्याच्या बरंच अलीकडे तराफा काठाला लागला पाहिजे. कालव्याच्या काठाला आतून केलेल्या अस्तराचा उतार शेवाळानं गुळगुळीत असतो. पडलंच कुणी, तर तिथंच चढायची झटापट करू नये. प्रवाहाबरोबर वाहत पायऱ्या येईपर्यंत काठाशी राहावं. वरच्यांनी उडी न मारता दोर नाहीतर लुगडं टाकावं.

खरा प्रवासी म्हणाल तर पाणीच. सेकंदाला मीटरभर वेग धरला, तरी २०८ किलोमीटरला जवळपास अडीच दिवस. कागदावर. वाटेत कोरडा तळ पितो, चाऱ्या म्हणजे शेतांकडं जाणारे छोटे फाटे पितात, पाईप पितात. आणि पाण्याच्या तोंडाशी असतो तो फेस, निर्माल्य, बाटल्या, तुटलेले तराफे. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या चारीवर खोरं घेऊन बसलेल्या माणसाला आधी एक चप्पल येताना दिसते. तो उठत नाही. दुसऱ्या पायाची आली की उठतो.