आपला तो बाब्या, त्यांचा तो हुकूमशहा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कुठवर, या विषयावर ठाम मत बाळगायचं ठरवलं असेल तर त्या देशाची राज्यघटना वाचू नका. मूळ मजकूर अवघ्या चार पानांचा आहे, त्यामुळे मोह होतो. पण ती वाचून माणूस विचारात पडतो, आणि विचारात पडलेल्या माणसाला महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात कुठल्याच टेबलावर जागा मिळत नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न पाठ करा: खुर्चीत सध्या कोण आहे? आपला असेल तर त्याचा आदेश म्हणजे धडाडी. त्यांचा असेल तर राजेशाही आली म्हणून बोंब मारा.

सरावाला सोपी उदाहरणं घ्या. २०१४ च्या जानेवारीत ओबामा म्हणाले, काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हलत नसेल तर माझ्याकडे आदेशांवर सही करायला पेन आहे आणि फोन आहे. रिपब्लिकन खवळले. डेमोक्रॅट म्हणाले, काम करू देत नाहीत हो बिचाऱ्याला. २०२५ मध्ये ट्रम्प आदेशांवर आदेश काढू लागले तेव्हा नाटक तेच राहिलं, फक्त नटांनी एकमेकांची वाक्यं घेतली. तुम्हाला नवं काही पाठ करावं लागत नाही, ही या छंदातली मोठी सोय.

कौशल्य वाढवायचं असेल तर बंदुकीकडे वळा. बंदूक बाळगण्याच्या हक्काला बोट लागलं तरी ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांच्याच लाडक्या ट्रम्प यांनी २८ फेब्रुवारी २०१८ ला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर सांगितलं: बंदुका आधी काढून घ्या, कायद्याची प्रक्रिया नंतर करा. हेच ओबामा बोलले असते तर? कल्पना करू नका, रक्तदाब वाढेल. पुढे त्याच सरकारने बंदुकीतून मशीनगनसारख्या गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायच्या ‘बंप स्टॉक’वर संसदेच्या कायद्याविना नुसत्या नियमाने बंदी आणली. बायडन सरकारने तोच नियम कोर्टात लढवला. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ६ विरुद्ध ३ ने उडवला, आणि त्या सहांत ट्रम्प यांनीच नेमलेले तिन्ही न्यायमूर्ती होते. इथे कुणाच्या बाजूने ओरडायचं हे समजेनासं झालं तर खोकल्याची उबळ आणा आणि पाणी प्यायला उठा.

दुसऱ्या बाजूच्या वाचकांनी हसू नये. बुशच्या काळात सरकार फोन चोरून ऐकतं म्हणून संतापलेली पुष्कळ मंडळी २०११ मध्ये एकदम सौम्य झाली. त्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात जन्मलेला अन्वर अल-अवलाकी येमेनमध्ये ड्रोनने मारला गेला. माणूस अल-कायदाचा, त्याच्यासाठी कोण रडणार? पण नागरिक अमेरिकेचा, आणि खटला एका दिवसाचाही नाही. अशा वेळी म्हणायचं वाक्य: ‘ओबामा स्वतः घटनेचा कायदा शिकवायचे, विचार करूनच केलं असेल.’ तुमच्या गावच्या सरपंचाबद्दलही हे वाक्य थोड्या फरकाने चालतं.

आता थोडं घरचं. २० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावणारा ट्रम्प यांचा आदेश निघाला तेव्हा पुण्यातल्या सोफ्यावर बसून ‘बरं झालं, घुसखोरांना धडा’ असं म्हणायला हरकत नव्हती. अट एकच, आदेशाचं दुसरं कलम वाचायचं नाही. तिथे लिहिलंय की आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप ना नागरिक ना ग्रीन कार्डवाला, तर बाळालाही नागरिकत्व नाही. म्हणजे एच-१बी वरचा आपला चिरंजीव आणि डोहाळजेवण उरकलेली सूनबाई. हे उमजलं की डिंकाचे लाडू भरता भरता आजीबाईंनासुद्धा ‘अमेरिकेत जन्मला तो नागरिक’ म्हणणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आठवू लागते. १८९८ चा वाँग किम आर्क खटलाही आठवतो. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या त्या चिनी आईबापांच्या पोराला सुप्रीम कोर्टाने नागरिक ठरवलं होतं. हक्क आपल्या घरचा झाला की पवित्र होतो, यात लाजायचं काही नाही.

निकाल लागला की तो वाचू नका, न्यायाधीश कुणी नेमला ते बघा. हे यंत्र क्वचित बिघडतं. नागरिकत्वाचा तो आदेश तीन दिवसांत रोखणारे सिॲटलचे न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले निघाले! मग ‘म्हातारपणी भरकटले’ म्हणा. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या न्यायाधीशांच्या देशव्यापी मनाई-हुकमांना लगाम घातला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनी बायडन असताना टेक्सासच्या कोर्टांतून असेच हुकूम आणले होते, हेही काढू नका. उद्या त्यांचा माणूस खुर्चीत बसला तर हाच लगाम त्याच्या उपयोगी पडेल, अशी शंका मनात आली तर चहा टाका.

कुणीतरी खडूस माणूस १९४२ काढेलच. महायुद्धात डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या एका आदेशाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं छावण्यांत डांबली गेली, त्यातली दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन. १९४४ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने त्याला मान डोलावली. माफी आणि २०,००० डॉलर मिळायला १९८८ उजाडलं, तेही जे जिवंत उरले त्यांना. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती जॅक्सन म्हणाले होते की असं तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहतं, कुणीही उचलावं. विषय तिकडे गेला की सांगा, बंदुकांवर आपलं बोलून झालंय.

राहता राहिला प्रश्न मतं फिरवायची कधी. पुढचा शपथविधी २० जानेवारी २०२९ ला, वॉशिंग्टनच्या दुपारी बारा वाजता. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील, शनिवार असेल. जेवणं आटोपून निवांत फिरवता येतील.